काठावरची बाटली

तलावाच्या पाण्यावरचा शालेय प्रकल्प घ्या किंवा एखाद्या नगरपालिकेने करवून घेतलेला अहवाल घ्या. त्याचा साचा बहुधा ठरलेला असतो. काठावर उभे राहून एक बाटली पाणी भरायचे, ते प्रयोगशाळेत न्यायचे, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी, क्षार, गढूळपणा अशा पाच-सात गोष्टी मोजायच्या, त्यांचा तक्ता करून शेजारी मानकांचा रकाना द्यायचा आणि शेवटी ‘पाणी प्रदूषित आहे, जनजागृती हवी’ असा निष्कर्ष लिहायचा. तक्त्यातले आकडे चुकीचे असतात असे आम्हाला म्हणायचे नाही. बरेचदा ते काळजीपूर्वक काढलेले असतात. आमची हरकत दुसरीच आहे. ते आकडे त्या बाटलीचे असतात. त्यांवरून तलावाविषयी काही बोलायचे, तर बाटलीत आलेले पाणी तिथे कुठून आले, किती वेळ थांबले आणि पुढे कुठे जाणार होते हे ठाऊक असावे लागते. म्हणजेच पाण्याच्या हालचालीचे भौतिकशास्त्र ठाऊक असावे लागते, आणि नेमके तेच आपल्या अहवालांतून व पाठ्यपुस्तकांतून गळालेले आहे.

हा प्रश्न केवळ अभ्यासू मंडळींपुरता नाही. केंद्र सरकारने २००१ मध्ये राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना सुरू केली. तिच्या यादीत मुंबईचा पवई तलाव, ठाण्यातील तलाव, कोल्हापूरचा रंकाळा, सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव यांच्याबरोबर पेठ वडगावचा महालक्ष्मी तलावही होता. २०१३ मध्ये ही योजना पाणथळ जागांच्या योजनेबरोबर एकत्र करून जलीय परिसंस्थांच्या संवर्धनाची एकच राष्ट्रीय योजना करण्यात आली. हातकणंगले तालुक्यातल्या एका छोट्या नगरपालिकेच्या तलावापर्यंत राष्ट्रीय योजना पोचते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण योजनेबरोबर विज्ञान कितपत पोचते, हेही तपासायला हवे.

तपासण्यासाठी तुलना हवी. ती करायला फार लांब जावे लागत नाही. अर्धवट किंवा पूर्ण बंदिस्त असलेल्या पाण्याचा अभ्यास आपल्याकडे उत्तम प्रकारे झालेला आहे, पण तो तलावांचा नसून बंदरांचा आणि खाड्यांचा आहे.

बंदराला मिळालेले विज्ञान

मुंबई बंदर म्हणजे तीन बाजूंनी जमिनीने वेढलेले, एका बाजूने समुद्राला खुले असलेले पाणी. इथे उधाणाच्या भरतीला पाणी सुमारे पाच मीटर चढते-उतरते. दर १२ तास २५ मिनिटांनी भरती येते. तिच्याबरोबर गाळ येतो, ओहोटीबरोबर त्यातला काही परत जातो, आणि जो जात नाही तो जहाजांच्या वाटेत बसतो. बसलेला गाळ उपसायला पैसा लागतो. त्यामुळे पाणी कुठून कुठे, किती वेगाने जाते हे कळणे बंदराच्या दृष्टीने जमाखर्चाचा प्रश्न ठरतो. विज्ञानाला इथे गिऱ्हाईक मिळाले ते याच कारणाने.

पुण्याजवळ खडकवासला येथे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. मुंबई इलाख्याच्या काळात, १९१६ मध्ये, सिंचनाचे प्रश्न सोडवण्यासाठी त्याची सुरुवात झाली. पुढे बंदरे हा त्याच्या कामाचा मोठा भाग झाला. तेथे बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यांत कृत्रिम भरती-ओहोटी घडवली जाते. या प्रतिकृतींमागचे तत्त्व शाळेतही सांगता येण्यासारखे आहे. बंदर कित्येक किलोमीटर लांब आणि फक्त काही मीटर खोल असते. सर्व मापे एकाच प्रमाणात लहान केली, तर प्रतिकृतीतले पाणी ओल्या फडक्याइतके पातळ होईल. म्हणून आडवे माप जास्त आणि उभे माप कमी लहान करतात. समजा, आडवे माप ४०० पटींनी व उभे ८० पटींनी लहान केले. भरतीची लाट उथळ पाण्यात ज्या वेगाने पुढे सरकते तो वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून काळ ४०० भागिले ८० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४५ पटींनी आखडतो. खऱ्या बंदरातली साडेबारा तासांची भरती-ओहोटी प्रतिकृतीत सुमारे सतरा मिनिटांत उरकते! दहावीच्या विद्यार्थ्याला वर्गमूळ कशासाठी शिकायचे असा प्रश्न पडला, तर हे उदाहरण द्यावे.

दुसरे उदाहरण गोव्याचे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १९६६ ची. तेथील डॉ. सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मांडवी आणि झुआरी या नद्यांच्या खाड्यांतील भरतीचा अभ्यास केला. अनेक ठिकाणी एकाच वेळी पाण्याची पातळी नोंदवली. निष्कर्ष मोठा गमतीचा निघाला. मुखापासून सुमारे ४० किलोमीटर आत जाईपर्यंत भरतीची उंची जवळजवळ घटतच नाही. त्यानंतरच्या दहाएक किलोमीटरांत मात्र ती झपाट्याने संपते. असे का व्हावे? आत जाताना खाडी निमुळती होत जाते, त्यामुळे लाट दाटून उंच व्हायला पाहते. तळाचे घर्षण तिला ठेंगणी करू पाहते. या दोन विरुद्ध परिणामांचा बराच काळ तोल राहतो आणि शेवटी चढत्या तळाशी तो सुटतो. केवळ ‘चंद्र पाण्याला ओढतो’ एवढे शिकलेल्या विद्यार्थ्याला हे कधीच सुचणार नाही. चंद्र तर सर्वांना सारखाच. पण उधाणाच्या वेळी भावनगरला पाणी दहा मीटर चढते, मुंबईला पाच, गोव्याला दोन आणि कोचीला जेमतेम एक. फरक पडतो तो समुद्राच्या तळाच्या उताराने आणि किनाऱ्याच्या आकाराने. पाण्याचे भांडे कसे आहे यावर पाण्याचे वागणे ठरते, हा या साऱ्या संशोधनाचा मथितार्थ आहे.

बंदराच्या विज्ञानातील उणिवा

कौतुक केले तसे दोषही सांगितले पाहिजेत. वर सांगितलेल्या प्रतिकृतीत तळाचे उतार खऱ्यापेक्षा पाच पट तीव्र होतात. पाण्याची पातळी व मुख्य प्रवाह त्यातून चांगले कळतात, पण गाळाचे गणित अवघड होते. कारण पाणी लहान करता येते, तसा गाळाचा कण लहान करता येत नाही. आपल्या खाड्यांतला बारीक चिखल खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून त्याचे गोळे बनतात आणि ते सुट्या कणांपेक्षा कितीतरी लवकर खाली बसतात. हे प्रतिकृतीत उतरवता येत नाही. आज संगणकावरची गणिती प्रारूपे हे काम करतात. पण तीही प्रत्यक्ष मोजमापांवर पारखून घ्यावी लागतात. न पारखलेल्या प्रारूपाचा रंगीत नकाशा दिसतो देखणा, पण तो पुरावा नव्हे.

‘भरतीने पाणी बदलते’ हे विधानही असेच उतावीळपणे केले जाते. समजा, एका आखातात पूर्ण भरतीला सरासरी आठ मीटर पाणी आहे आणि ओहोटीला ते चार मीटर होते. म्हणजे दर ओहोटीला निम्मे पाणी बाहेर गेले. यावरून दोन दिवसांत सगळी घाण धुऊन निघेल असे कुणालाही वाटेल. पण बाहेर गेलेले पाणी मुखाशीच रेंगाळते आणि पुढच्या भरतीला त्यातले बरेचसे परत आत येते. परत येणारे पाणी ऐंशी टक्के धरले, तर खरी अदलाबदल एका खेपेला निम्म्याची नसून दहा टक्क्यांचीच होते. मग घाण निम्म्यावर यायलाच सहा-सात खेपा, म्हणजे तीन दिवसांहून अधिक काळ लागतो. शिवाय खाडीच्या अगदी आतल्या टोकाला हा काळ याहून कितीतरी मोठा. ‘किती पाणी गेले’ आणि ‘किती पाणी बदलले’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

लाटा अडवण्यासाठी घातलेल्या बंधाऱ्याचेही तसेच. आतले पाणी शांत व्हावे म्हणून बंधारा घालतात. पण शांत पाण्यातच गाळ बसतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील गाळाचा प्रश्न कोकणातल्या वाचकांना परिचित आहे. होड्यांना आसरा आणि गाळाला आसरा एकाच भिंतीने मिळतो, हे आराखडा काढतानाच लक्षात घ्यावे लागते.

आणखी एक उणीव आहे, आणि ती शिक्षकांना अधिक जाणवेल. हे अहवाल इंग्रजीत, ज्याने अभ्यास करायला सांगितला त्याच्यासाठी लिहिलेले असतात. त्यांतले ज्ञान मराठी शाळेपर्यंत उतरत नाही. एवढ्या उणिवा असूनही एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. बंदराचा अभियंता पाण्याचा नमुना घेण्याआधी पाण्याची हालचाल विचारतो. तलावाच्या बाबतीत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

चार अंशांवर थांबलेला धडा

तलावात भरती-ओहोटी नाही, म्हणून त्यातले पाणी स्थिर असते असा आपला समज आहे. ‘साचलेले पाणी’ हा शब्दच तसा आहे. हा समज दृढ व्हायला आपला अभ्यासक्रमही थोडा जबाबदार आहे.

२०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘उष्णता’ या पाठात पाण्याचे असंगत आचरण आणि होपचे उपकरण आहे. पाण्याची घनता ४° सेल्सिअसला सर्वांत जास्त असते, म्हणून थंड प्रदेशात तलावाचा पृष्ठभाग गोठला तरी खाली पाणी राहते आणि मासे जगतात, हे विद्यार्थी पाठ करतात. धडा चांगला आहे आणि प्रयोग सुंदर आहे. आमची तक्रार एवढीच की धडा चार अंशांपाशी थांबतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुलाला न पाहिलेल्या गोठलेल्या तलावाची गोष्ट कळते. पण शाळेच्या वाटेवरचा तलाव एप्रिलच्या दुपारी कसा वागतो, याविषयी एक ओळही कानावर पडत नाही.

खरे तर तीच गोष्ट अधिक रंजक आहे. घनतेचे आकडे पाहा. ४ अंशांचे पाणी ५ अंशांवर नेले, तर एका घनमीटरमागे घनता सुमारे ८ ग्रॅमने घटते. २९ अंशांचे पाणी ३० अंशांवर नेले, तर ती सुमारे ३०० ग्रॅमने घटते. तापमानातला फरक दोन्हीकडे एकाच अंशाचा, पण घनतेतला फरक आपल्या उन्हाळ्यात पस्तीसपटींहून जास्त! म्हणून उष्ण प्रदेशातल्या तलावात वरच्या आणि खालच्या पाण्यात अवघा दोन अंशांचा फरक पडला, तरी पाण्याचे दोन थर स्पष्टपणे वेगळे होतात. वरचे गरम, हलके पाणी खालच्या पाण्यावर तेलासारखे तरंगू लागते.

याचे परिणाम काय? ऑक्सिजन पाण्यात येतो तो हवेतून आणि वनस्पती व शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणातून. दोन्ही गोष्टी वरच्या थरात घडतात. तळाशी गाळ कुजत असतो आणि तो ऑक्सिजन खात असतो. थरांची सीमा घट्ट असेल, तर वरचा ऑक्सिजन खाली जात नाही. काही दिवसांत तळाचे पाणी ऑक्सिजनविना राहते. अशा वेळी गाळात अडकलेले फॉस्फरस सुटून पाण्यात येते आणि हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांसारखा वास साठू लागतो. काठावरच्या बाटलीत यातले काहीच दिसत नाही. बाटली सांगते, ‘ऑक्सिजन समाधानकारक’.

आपल्याकडचे उथळ तलाव बहुधा दिवसा असे थर धरतात आणि रात्री, पृष्ठभाग थंड झाला की, मिसळून जातात. म्हणजे तलाव रोज एक श्वास घेतो म्हणायला हरकत नाही. पण लागोपाठ तापलेले, वारा नसलेले दिवस आले की रात्रीचे मिसळणे अपुरे पडते.

वारा वाहतो तेव्हा

आता वाऱ्याचे काम पाहू. वाऱ्याने पृष्ठभागाचे पाणी ओढले जाते. त्याचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या साधारण दोन-तीन टक्के असतो. ताशी १८ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला पाच मीटरचा वारा असेल, तर वरचे पाणी सेकंदाला दहा ते पंधरा सेंटिमीटर सरकते. एक किलोमीटर लांबीचा तलाव ते दोन-तीन तासांत ओलांडते. पलीकडच्या काठाला पाणी चढते आणि खालून परत फिरते.

पाणी किती चढते? चार मीटर खोल आणि एक किलोमीटर लांब तलावात अशा वाऱ्याने दोन काठांच्या पातळीत पडणारा फरक जेमतेम एक मिलिमीटर असतो. तो डोळ्यांना दिसणारही नाही. पण गंमत पुढे आहे. पृष्ठभाग ही पाणी आणि हवा यांच्यातली सीमा. त्यांच्या घनतेतला फरक घनमीटरला सुमारे हजार किलोग्रॅम. पाण्याच्या दोन थरांमधल्या सीमेवर मात्र हा फरक, दोन अंशांसाठी, अवघा ०.६ किलोग्रॅम. सीमा जितकी दुबळी तितकी ती अधिक कलते. म्हणून वर एक मिलिमीटर चढ असेल, तर आतल्या सीमेचा कल त्याच्या दीड हजार पटींहून अधिक, म्हणजे दीड मीटरच्या घरात जातो. तोही उलट दिशेने! वारा ज्या काठाकडून येतो, त्या काठाशी तळाचे निर्जीव पाणी वर चढते. वारा पडला की कललेली सीमा झोपाळ्यासारखी हेलकावे घेऊ लागते. आपल्या या काल्पनिक तलावात एका हेलकाव्याला सात तासांच्या आसपास लागतील. वारा फार जोराचा असेल, तर सीमाच मोडते आणि सगळे पाणी एकत्र होते.

अशा हेलकाव्यांचा पहिला पद्धतशीर अभ्यास एका सरोवरातल्या बंदरातच सुरू झाला. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी मोर्ज नावाचे छोटे गाव आहे. तिथले फ्रांस्वा-आल्फॉन्स फोरेल यांनी १८७० च्या सुमारास गावच्या बंदरात पाणी ठरावीक वेळाने आत-बाहेर करते हे पाहून नोंदी घ्यायला सुरुवात केली. मच्छीमार या हेलकाव्याला ‘सेश’ म्हणत. शास्त्रानेही तोच शब्द ठेवला. मेरियन यांनी १८२८ मध्ये मांडलेले सूत्र त्यांनी या हेलकाव्यांना लावले. तलावाच्या लांबीची दुप्पट करा आणि उथळ पाण्यातल्या लाटेच्या वेगाने भागा. पृष्ठभागाच्या हेलकाव्याचा काळ मिळतो. आपल्या चार मीटर खोल, किलोमीटरभर तलावासाठी तो पाच मिनिटांहून थोडा अधिक येतो. फोरेल यांचा जिनिव्हा सरोवरावरचा ग्रंथ १८९२ ते १९०४ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाला. एका गावचे पाणी नीट पाहण्यातून सरोवरविज्ञान ही शाखा उभी राहिली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता पुन्हा काठावरच्या बाटलीकडे वळू. २०१० च्या दशकात रंकाळ्याचे पाणी हिरवे आणि उग्र वासाचे झालेले कोल्हापूरकरांनी पाहिले. अशी हिरवाई करणारे मायक्रोसिस्टिससारखे नीलहरित जीवाणू पेशीतल्या वायूच्या पोकळ्यांमुळे तरंगतात आणि वारा नेईल तिकडच्या काठाला साय धरावी तसे जमतात. एकाच तलावातून, एकाच सकाळी, दोन विद्यार्थ्यांनी समोरासमोरच्या काठांवरून पाणी भरले, तर एकाला ‘अतिप्रदूषित’ आणि दुसऱ्याला ‘बरे’ असा निष्कर्ष मिळू शकतो. वेळेचेही तसेच. शेवाळ माजलेल्या तलावात दुपारी तीनला विरघळलेला ऑक्सिजन भरपूर आणि पीएच चढलेला असतो. पहाटे पाचला तोच ऑक्सिजन माशांना गुदमरवण्याइतका कमी होऊ शकतो. ज्या अहवालात नमुन्याची जागा, खोली, वेळ आणि वाऱ्याची दिशा दिलेली नाही, त्यातला ऑक्सिजनचा आकडा दशांशापर्यंत अचूक असला तरी त्याचा अर्थ लावता येत नाही.

वळवाच्या पावसानंतर एके सकाळी तलावात मेलेले मासे तरंगताना दिसतात, हा अनुभव अनेक गावांना आहे. लगेच ‘कुणीतरी विष टाकले’ अशी बोलवा उठते. ज्याने मासेमारीचा ठेका घेतला त्याचे नुकसान होते आणि संशयावरून माणसे एकमेकांशी वैर धरतात. विष कधीच नसते असे नव्हे. पण वळवाचा थंड पाऊस आणि जोराचा वारा यांनी थर मोडून तळाचे ऑक्सिजनविरहित पाणी वर आणले, तरीही मासे असेच मरतात. दोन्हींतले खरे कारण कोणते हे ठरवायला आदल्या आठवड्यातल्या तापमानाच्या आणि ऑक्सिजनच्या खोलीनुसार नोंदी हव्यात. त्या कुणाकडेच नसतात, म्हणून उत्तर मिळत नाही आणि संशय तेवढा उरतो.

योजनांकडे पुन्हा पाहताना

तलाव संवर्धनाच्या योजनेतली कामे साधारण अशी असतात: नाले अडवून सांडपाणी वळवणे, गाळ काढणे, जलपर्णी काढणे, कारंजी किंवा हवा सोडणारी यंत्रे बसवणे, काठाचे सुशोभीकरण करणे. यातले पहिले काम निर्विवाद आवश्यक आहे. घाण येण्याचे थांबवल्याशिवाय बाकी सारे व्यर्थ. पण इतर कामांचा हिशेब पाण्याच्या हालचालीशी जोडूनच करायला हवा.

कारंजे दिसायला छान. ते आसपासच्या वरच्या पाण्याला हवा देते. पण वरच्या पाण्याला ऑक्सिजनची फारशी वाण नसतेच, ती तळाला असते. तळातून बुडबुडे सोडणारी यंत्रणा थर मोडू शकते; मात्र तळाशी फॉस्फरस साठलेले असेल, तर तेही वर येऊन शेवाळाला खत मिळू शकते. म्हणजे तेच यंत्र एका तलावात औषध, तर दुसऱ्यात अपथ्य. गाळ काढल्याने साठा वाढतो आणि साठलेले खतही निघते, हा मोठा लाभ. पण तलाव खोल झाला की थर अधिक काळ टिकतात, हेही खरे.

सर्वांत मूलभूत आकडा म्हणजे पाणी तलावात किती काळ राहते. दहा लाख घनमीटरच्या तलावात रोज पाच हजार घनमीटर पाणी येऊन तेवढेच बाहेर जात असेल, तर सगळे पाणी बदलायला सरासरी दोनशे दिवस लागतात. उन्हाळ्यात सांडव्यावरून पाणी जाणे थांबते आणि बाहेर जाण्याचा मार्ग उरतो तो फक्त बाष्पीभवनाचा. दख्खनच्या पठारावर वर्षाला दीड ते दोन मीटर पाणी असे उडून जाते. ते जाते शुद्ध पाणी म्हणून. क्षार आणि फॉस्फरस मागेच राहतात. ज्या अहवालात हा हिशेब नाही, त्यातल्या यंत्रांच्या अश्वशक्तीला काही आधार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. तलावांवर खर्च होऊ नये असे आम्ही म्हणत नाही. खर्चाचा एक छोटा हिस्सा वर्षभराच्या मोजमापांवर आधी खर्च व्हावा, एवढेच म्हणणे आहे. बंदर बांधताना हे कुणी वायफळ मानत नाही.

शाळेला काय करता येईल?

शिक्षक म्हणतील, हे सारे यंत्रांचे काम. तसे नाही. पुढील चार गोष्टी पेठ वडगावच्या काय, कोणत्याही गावच्या शाळेला शक्य आहेत. मात्र एक अट: नगरपालिकेची परवानगी, पोहता येणारी मोठी माणसे आणि जीवरक्षक जाकिटे यांशिवाय विद्यार्थ्यांना होडीत बसवू नये.

पहिली, खोलीनुसार तापमान. जड तळाच्या बाटलीला खुणा केलेली दोरी बांधावी, बुचाला वेगळी दोरी बांधावी. बाटली हव्या त्या खोलीवर सोडून बुच ओढले की तिथलेच पाणी भरते. वर काढताच सावलीत तापमान घ्यावे. दर अर्ध्या मीटरला एक नोंद, सकाळी सहाला आणि दुपारी दोनला. अर्धा अंश ओळखता येईल असा तापमापक हवा; एकच तापमापक सर्व नोंदींना वापरावा.

दुसरी, पारदर्शकता. वीस सेंटिमीटर व्यासाच्या पत्र्याच्या चकतीचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवावेत. ती दोरीने खाली सोडून दिसेनाशी होते ती खोली नोंदवावी. सेकी यांनी १८६५ मध्ये ही चकती जहाजावरून वापरली. आजही सरोवरविज्ञानात तिला पर्याय म्हणून कुणी ती टाकून दिलेली नाही.

तिसरी, प्रवाह. पाण्यात जवळजवळ पूर्ण बुडतील इतके पाणी भरलेल्या बाटल्या सोडाव्यात आणि दर दहा मिनिटांनी काठावरच्या दोन ठरलेल्या ठिकाणांवरून होकायंत्राने त्यांची दिशा घ्यावी. दोन रेषा जिथे छेदतात तिथे बाटली. भूमितीचा तास आणि भूगोलाचा तास एकत्र झाला म्हणून समजा. प्रयोग संपल्यावर बाटल्या परत काढाव्यात.

चौथी, वर्गातला तलाव. काचेच्या लांबट पेटीत साधे थंड पाणी भरावे, त्यावर पसरट लाकडी चकतीवरून हळूहळू रंगीत गरम पाणी सोडावे. एका टोकाकडून टेबलपंखा लावावा. वरची पातळी जागची हलत नाही असे वाटते आणि आतली रंगीत सीमा मात्र कलते, हे शेवटच्या बाकावरूनही दिसते. पंखा बंद केल्यावर तिचा हेलकावा घड्याळ लावून मोजावा.

या नोंदींच्या प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, जागा, खोली, वारा आणि आकाशाची स्थिती असावी. मग रासायनिक तपासणीची बाटली खुशाल भरावी. आता तिच्या आकड्यांना अर्थ येईल. विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षकांनाही एक विनंती आहे. तलावाचा प्रकल्प समोर आला की ‘उपाय काय सुचवलात?’ हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न असा असावा: ‘हे पाणी कुठून, किती खोलीवरून, किती वाजता घेतले, आणि तेव्हा वारा कुठून वाहत होता?’ ज्या विद्यार्थ्याला याचे उत्तर देता येईल, त्याला तलाव कळायला लागला आहे असे समजावे. एकाच शाळेने असे एक वर्ष सातत्याने मोजले, तर नगरपालिकेच्या पुढच्या आराखड्यापुढे ठेवायला गावाजवळ स्वतःचे आकडे असतील.